चार नंबर

पंचावन्न साली गोंदियात आग विझवायचा नवा बंब आला. बंबावर माणसाला नाव नसतं, नंबर असतो, हे जमादारानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एक नंबर गाडी हाकणार, दोन आणि तीन फवारा धरणार, चार नंबर जवळच्या विहिरीत नळी सोडणार. चार नंबर म्हणजे महारपुऱ्यातला खुशाल.

पंधरा दिवस नुसती कवायत झाली. सोळाव्या दिवशी भरदुपारी घंटा घणघणली. नंदलालशेठच्या धानाच्या मिलमध्ये बारदान पेटलं होतं! खुशालनं चालत्या बंबावर उडी मारली. रस्ताभर लोक ओरडत होते, "बंब आला! बंब आला!"

"चार नंबर, विहीर!" जमादार गरजला.

नळी खांद्यावर टाकून खुशाल शेठच्या विहिरीकडे सुसाट धावला, आणि काठापासून चार हात अलीकडे त्याचे पाय आपोआप थांबले. त्याची माय रोज इथंच घागर ठेवून ताटकळत उभी राही. कोणाला दया आली, तर तो वरून पाणी ओती.

"अरे, देखता क्या है?" शेठ स्वतःच बोंबलला. "चढ ऊपर, डाल कुएँ में!"

खुशाल काठावर चढला. नळी पाण्यात गेली, बंब घरघरला, फवारा उसळला. अर्ध्या तासात आग विझली.

"शाबास! काढ आता नळी," जमादार म्हणाला.

"थोडा वेळ राहू द्या ना, जमादारसाहेब," काठावरूनच खुशाल धापा टाकत हसला. "मायले बोलावून आनतो. पाहू द्या तिले."