काटे जुळेपर्यंत

"अजून किती वेळ?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

मेकॅनिकबाईंनी मान वर केली नाही. सुरू असलेल्या मोटरसायकलला जोडलेल्या दोन गोल मीटरांवर त्यांचे डोळे होते. "दोन वर्षं पडून होती साहेब. पेट्रोलचा पार डिंक झाला होता. दोन्ही कार्बुरेटर धुतले, पण दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. हे काटे एका आकड्यावर आले की गाडी तुमची."

डावा काटा वीसवर, उजवा चोवीसवर. त्याचं डोकं भणभणायला लागलं. स्कूटर बायकोने नेली होती, पलीकडच्या शहराची शेवटची बस दुपारीच सुटली होती आणि तिथून साडेपाचला तिची रेल्वे होती. तीही मुलीला घेऊन. एवढ्याशा भांडणावरून! भांडणं कोणाच्या घरात होत नाहीत? चारला निघालं तरी तिला गाठता आलं असतं. एकदा समोर जाऊन उभा राहिला की ती मुकाट्याने परत येईल. नेहमी यायची.

चार वाजून गेले. बाईंनी स्क्रू किंचित फिरवला. काटे जवळ आले आणि पुन्हा फाकले.

"जमतंय का तुम्हाला?" तो खेकसला. "इथे दुसरं कोणी असतं ना, तर बाईच्या हातात गाडी दिलीच नसती!"

"घाई केली तर रस्त्यात बंद पडेल. हाताला काय झालं?"

"काच लागली." त्याने पट्टी बांधलेली मूठ खिशात कोंबली आणि समोरच्या रिकाम्या डब्याला लाथ घातली. डबा गडगडत भिंतीपर्यंत गेला. बायको, ही बाई, ही मेली गाडी. सगळ्यांनी मिळून त्याचा छळ मांडला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पाच वाजले. साडेपाच झाले. काटे काही जुळेनात.

बाईंचा फोन वाजला. इंजिनच्या आवाजात त्या मोठ्याने बोलल्या, "बोल गं. बसलात दोघी? हलली रेल्वे? बरं, सांभाळून जा. स्कूटरचं मी बघते."

फोन ठेवून त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला. दोन्ही काटे एकाच आकड्यावर येऊन थांबले.

"घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांचंच काम होतं."