पुस्तकाची मागची पानं

वनमालाने तिसऱ्या शाळेतही गणिताचं पुस्तक मागूनच उघडलं. बजरंगने कपाळाला हात लावला.

सकाळपासून तो बायकोच्या मागे फिरून आंबून गेला होता. गेवराईच्या पहिल्या शाळेत पोरं डोळे मिटून हवेत बोटं नाचवत बेरजा करत होती. मणी मनातल्या मनात सरकवायचे म्हणे. दुसऱ्या शाळेत पुस्तकाआधी रंगीत ठोकळे होते, आणि तिथल्या बाई इतकं गोड गोड समजावत होत्या की बजरंगला डुलकीच लागली. दोन्हीकडे वनमालाने चौथीचं पुस्तक मागितलं, मागून चाळलं, "हे कधी शिकिवता?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून पुस्तक परत केलं. तलवाड्याच्या फाट्यावर चहा पिताना बजरंग म्हणाला, "अगं, कुठल्याबी शाळंत जा, दोन नि दोन चारच की!" ती हसलीसुद्धा नाही.

तिसरी शाळा गावातलीच. त्यांची लेक सायली तिथूनच तिसरी पास झाली होती. पास म्हणजे काय, वर ढकलली होती. बेरीज-वजाबाकीत पोर तरबेज, पण भागाकार दिसला की पेन्सिल चावत बसायची. निकाल लागल्या दिवसापासून वनमालाने चांगल्या गणिताच्या शाळेचा ध्यास घेतला होता.

बजरंगचा जीव मात्र खिशातल्या फोनमध्ये अडकला होता. गहिनीनाथ मुकादम आज ऊसतोडीची टोळी बांधणार होता. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्याने ऊसही तोडायचा, मोळ्याही बांधायच्या आणि रात्री चूलही फुंकायची. त्याचे हाल कुत्रं खात नाही.

"ताई, पुस्तक पुढून बघतात," भागवत गुरुजी हसून म्हणाले. "तुम्ही मागून काय शोधताय?"

"पुढचं तिला येतंय, गुर्जी." वनमालाचा आवाज थकलेला होता. "दरसाल दिवाळीच्या तोंडावर आमी फडावर जातो, ते गुढीपाडव्यालाच येतो. तवर तुमचं मागचं शिकवून झालेलं असतं. भागाकार मागं, अपूर्णांक मागं. मागचं आधी शिकिवणारी एखादी शाळा असंल म्हणून हिंडले."

गुरुजींचं हसू मावळलं. "अशी शाळा कुठंच नसते, ताई. पुढचं झाल्याशिवाय मागचं येत नाही. पोरगी वर्षभर इथंच राहिली पाहिजे."

"घरात म्हातारं माणूस न्हाई. एकटी कुणाच्या जिवावर ठिवू?"

वनमालाने पुस्तक मिटलं, पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

बजरंग त्या पुस्तकाकडे बघत राहिला. मागच्या हिवाळ्यात फडावरच्या पाचटाच्या कोपीत सायली धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली होती. "आबा, भागाकार कसा करतेत?" तिने विचारलं होतं. दिवसभराच्या तोडणीने त्याचं अंग ठणकत होतं. "झोप गप," म्हणून तो कूस बदलून पडला होता. पोर मग बराच वेळ तशीच उभी होती. ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

इतक्यात फोन वाजला.

"बजरंग, लिव्हू का बे तुझा कोयता?" मुकादमाचा आवाज साऱ्या वर्गात घुमला.

हो म्हणायचं हे ठरलेलंच, अशा चेहऱ्याने वनमाला चपला घालायला दाराकडे वळली.

"लिव्हा, मुकादम," बजरंग म्हणाला. "पण औंदा अर्धाच लिव्हा. पोरीचं पुस्तक पुरं करायचंय."