चाळीसाव्याचं दान

"हे तोआदेरला पोचू दे," असं म्हणून सावेताने नवरा वारल्यानंतरच्या चाळीसाव्या दिवशी त्याचं स्मार्टवॉच, वेणीसारखा गुंफलेला पाव आणि पेटती मेणबत्ती शेजारच्या पांतेलिमोनच्या हातावर ठेवली. असं दिलेलं दान गेलेल्या माणसाला पोचतं, अशी तिकडची समजूत. डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं सांगितली होती, म्हणून लेकीने इटलीहून पाठवलेलं ते घड्याळ. तोआदेर कसला चालतोय! संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसून नुसता हात हलवायचा आणि आकडा वाढवायचा.

घड्याळाला जोडलेला त्याचा फोन मात्र सावेताने स्वतःकडे ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यात हृदयाचे ठोके दिसायला लागले. संध्याकाळी सहा वाजले की पावलांचा आकडाही भराभर चढायचा. "हा पांतेलिमोनही लबाड, बसूनच हात हलवतो वाटतं," म्हणून ती एकटीच हसायची. रोज आधी ठोके बघायचे, मगच चूल पेटवायची, अशी तिला सवयच लागली.

महिन्याभराने एका संध्याकाळी पांतेलिमोन टोपी काढून ओशाळत दारात उभा राहिला. "वहिनी, रागावू नका, पण दान अर्धवटच दिलंत की! चार्जर कुठाय? त्याच रात्री बंद पडलं ते. तेव्हापासून कपाटात धूळ खातंय."

सावेताने खिशातला फोन काढून पाहिला. एकाहत्तर ठोके. पावलांचा आकडा भराभर चढत होता.

चार्जर तिच्या पाठीमागेच खिळ्याला लटकत होता. ती जराशी सरकली आणि तो पाठीआड झाकून उभी राहिली.



"तो हरवला हो, भावजी."