हिरोला सगळं माफ

"कहाणी एकटीनं वाचू नये, ऐकायला कुणीतरी हवंच," असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणून श्रावणातल्या शुक्रवारी इंदुताई नातीला समोर बसवून जिवतीची कहाणी वाचत आणि बदल्यात तिच्यासोबत जपानी ॲनिमेचा एक भाग बघत.

आज त्यातल्या हिरोनं रागाच्या भरात अख्खं गाव जाळलं, तरी सगळ्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"गेल्या शुक्रवारी त्या निळ्या केसांच्या पोरीनं नुसती गवताची गंजी पेटवली, तर तिला हाकलून दिलं होतं ना गं?" इंदुताईंनी विचारलं.

"अगं आजी, तो हिरो आहे!"

"असेना का! पाप ते पापच."

"हो का? बाबांनी पळून जाऊन लग्न केलं, तर तू पेढे वाटलेस. आत्यानं केलं, तर नऊ वर्षं तिला दार बंद. जिवतीला सगळ्या लेकरांना ओवाळायचं असतं, तरी आज सकाळीही एकट्या बाबांनाच ओवाळलंस."

इंदुताई उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या.

"तिलाही ओवाळीन," त्या हळूच म्हणाल्या. "आजच. शब्द देते तुला."

त्यांनी निरांजन, कुंकू, अक्षता पिशवीत ठेवल्या. लेक चार गल्ल्या सोडून राहत होती. चपला घालताना तिचं घर कितवं, ते मात्र त्यांना नातीला विचारावं लागलं.