लाल चिठ्ठीची पंगत

प्रयोगशाळेच्या हरिहरसाहेबांनी पेढ्यांचा पुडा मीराबाईपुढे धरला. "घ्या. तुमच्या उंदरांनी पास केलं आपल्याला."

मीराबाईनं पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. "म्हणजे काय झालं, साहेब?"

"म्हणजे तो नवा मका निर्धोक ठरला. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना नवा मका, हिरव्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना साधा. नव्व्याण्णव साल उजाडल्यापासून तुम्हीच घालत होता की. काल सगळे उंदीर कापून तपासले. यकृत, रक्त, वजन, लाल आणि हिरव्यात तिळाएवढा फरक नाही. रिपोर्ट दिल्लीला गेलासुद्धा. आता माणसांनी खायला हरकत नाही."

मीराबाईनं हातातल्या पेढ्याकडे पाहिलं.

फरक कुठून असणार, डोंबलाचा? लाल चिठ्ठीच्या एकाही उंदरानं तो मका खाल्लाच नव्हता.

तिला संशय आलेला तो पहिल्याच दिवशी. पोतं उघडताना साहेबांच्या हातात मोजे, तोंडाला फडकं. आणि वर म्हणे, "खायचाच मका आहे, मीराबाई. फक्त बियाण्यात किडे मारायचा गुण घातलाय." खायचाच आहे तर मोजे कशाला? आणि ज्यानं किडा मरतो ते उंदराला काय पुरणपोळीसारखं लागणार? खोलीत पिंजरे समोरासमोर मांडलेले, अगदी जेवायला बसल्यासारखे. एका पंगतीला चांगलं वाढायचं, दुसरीला हे असलं. मीराबाई लहानपणी गावच्या लग्नात कुंपणाबाहेर बसून जेवलेली. आत बुंदी फिरायची आणि बाहेर आमटीचं पाणी. पंगतीत दुजाभाव करू नये हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग काय, लाल चिठ्ठीच्या डब्यातलं माप रोज काढायचं, मोरीत ओतायचं, वरून बादलीभर पाणी सोडायचं. दोन्ही पंगतींना साधाच मका. कमी पडला तर वर्तकनगरच्या चक्कीवरून भरडून, पिशवीत घालून आणायचा. एवढे जीव वाचवले म्हणून बया मनातल्या मनात खूशही होती. ते उंदीर पाळलेत कशासाठी, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही. आज पिंजरे रिकामे होते आणि पेढा हातात होता.

"साहेब," तिनं धीर केला, "समजा, त्यांनी ते खाल्लंच नसलं तर?"

साहेब हसले. "रोज डबा रिकामा होत होता ना?"

"होत होता."

"मग झालं तर! तुमच्यासारखी चोख बाई होती म्हणून तर मी निर्धास्त होतो."

आता बोलायचं कसं? बोललं तर नोकरी गेली, आणि पोरीचं नर्सिंग त्या नोकरीवर चाललेलं. मीराबाईनं पेढा पदराच्या टोकाला बांधला.

तेवढ्यात शिपाई शिवराम नव्या मक्याचं उरलेलं पोतं ओढत बाहेर आला. "साहेब, हे काय करायचं?"

"घेऊन जा रे घरी. तपासलेला माल आहे."

"तुम्ही नाही नेणार, साहेब?" मीराबाईनं विचारलं.

"आमच्याकडे कोण खातो मक्याची भाकरी?" साहेब म्हणाले आणि पुडा घेऊन वरच्या मजल्यावर गेले.

शिवराम राहायला दिवा स्टेशनजवळ. सून नुकतीच बाळंत झालेली, घरात खाणारी तोंडं बक्कळ. पोत्यावर थाप मारत तो म्हणाला, "बरं झालं बाई. सुनेला आठवडाभर गरम भाकऱ्या होतील."

"शिवरामदादा, नका नेऊ."

"का? उंदरांनी खाल्ला, त्यांना काय धाड भरली?"

मीराबाईच्या डोळ्यांपुढे ती ओली बाळंतीण आली, मांडीवर दूध पिणारं पोर. तिनं पोत्याचं तोंड घट्ट धरलं.

"मला पाहिजे हा मका."

"घ्या की अर्धा. वाटून घेऊ."

"सगळा पाहिजे. तुम्हाला मूठभरही देणार नाही."

शिवराम बघतच राहिला. इतकी वर्षं एका डब्यातली चटणी वाटून खाल्लेली बाई ही! तिनं पोतं हिसकलं, कमरेवर घेतलं आणि चालू लागली.

"काय हावरट बाई आहे!" मागून तो ओरडला. "सगळं आपल्याच पानात ओढायचं. पंगतीत बसायची लायकी नाही हिची!"

मीराबाईला ते ऐकू आलं. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी तिला कुंपणाबाहेर बसवलं होतं. डोळे भरून आले, पण ती मागं वळली नाही. खरं सांगायची सोयच नव्हती.

कंपाउंडच्या मागं मोठा नाला होता. उन्हाळ्यानं आटलेला, मध्ये नुसती काळ्या पाण्याची रेघ. तिनं काठावर पोतं उपडं केलं. पिवळाधमक भरडा, दिसायला किती देखणा. हे एक पोतं नाल्यात गेलं. पण दिल्लीला गेलेला तो कागद, तो कुठल्या नाल्यात ओतायचा?

रिकामं पोतं झटकून ती निघाली, तेवढ्यात दगडाखालून एक उंदीर बाहेर आला. काळा, गलेलठ्ठ, शेपूट तुटलेला. त्याला ना चिठ्ठी होती ना पिंजरा. त्यानं भरडा हुंगला, इकडं तिकडं पाहिलं आणि खायला लागला. मग दुसरा आला. मग त्यांची पिल्लंही आली.

त्यांना हाकलायला मीराबाईनं दगड उचलला, आणि तो तसाच हातात धरून ती खाली बसली.