न बसणारा आकडा

नौपाड्यातल्या सुमतीबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीचा धाकटा भाऊ मोरेश्वर दर आठवड्याला स्वतः रचलेलं आकड्यांचं कोडं त्यांना पोस्टाने धाडायचा. एक ते नऊ आकडे प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत एकदाच यायला हवेत, आणि अंदाज बिलकुल करायचा नाही, नुसत्या तर्काने सोडवायचं. नवरा गेल्यापासून बाईंना तेवढाच विरंगुळा होता.

१९८९ च्या त्या शुक्रवारी एका चौकटीत एकही आकडा बसेना. तीनदा पडताळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कोडंच खोटं होतं. भावाने फसवलं हे त्यांना फार लागलं. दुपारीच त्यांनी डोंबिवली गाठली.

"मोरू, मोठ्या बहिणीची अशी थट्टा करतात का रे?"

"मी? अगं ताई, गणपतीपासून मी एकही पाठवलेलं नाही. तूच पाठवतेस की मला!"

त्याने कपाटातून कोड्यांचा गठ्ठा काढला. अक्षर बाईंचंच होतं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"माझ्याशी खोटं बोलतेस, ताई?"

तेवढ्यात दाराखालून पाकीट आत सरकलं. मोरेश्वरने ते फोडलं. आतल्या कोड्यातले निम्मे आकडे त्याच्या अक्षरात होते, निम्मे बाईंच्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही एकेक पाऊल मागे सरकली.