माझं चुकलं

"पण तुम्ही माफी मागितलीतच कशाला?" विमा कंपनीच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

समोर घरं विकून देणारा एजंट आणि त्याची बायको बसली होती. एजंटाला आधी प्रश्नच कळला नाही.

"चूक माझी होती म्हणून. खिडकीसमोरची जागा बागेसाठी राखीव आहे, असं मी फ्लॅट बघायला आलेल्या एका आजींना सांगितलं. जुना नकाशा बघून सांगितलं. त्यांनी फ्लॅट घेतला, आणि आता तिथे सहा मजले उभे राहिलेत. भरदुपारी दिवा लावून बसतात बिचाऱ्या."

"त्यांनी दावा ठोकला, ते ठीकच आहे. पण हे बघा."

साहेबांनी पॉलिसीचं सतरावं पान उघडून नख टेकवलं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही. केल्यास भरपाई नाही. अक्षर मुंगीएवढं होतं. असली कलमं मोठ्या अक्षरात छापायची पद्धत नसते. शेजारीच एजंटाचं आजींना गेलेलं पत्र होतं, दोन ओळींचं. माझं चुकलं. मला माफ करा.

"अहो, धंद्यात चूक झाली तर भरपाई देऊ, असं सांगूनच विमा उतरवून घेतलात ना?" एजंटाचा आवाज चढला. "नऊ वर्षं एक हप्ता चुकवला नाही मी. आता चुकलो, तर चुकलो म्हणायचं नाही?"

"चुका ना! कोण नको म्हणतंय? फक्त म्हणायचं नाही."

"यांचं ऑफिस विकावं लागेल, साहेब," बायको म्हणाली. "पत्र मीच लिहायला लावलं. आजींना तोंड कसं दाखवणार होतो?" इथे रडायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती. तरी संतापानं तिचे डोळे भरून आले.

"समजतं हो मला." साहेबांनी नकाराचं पत्र पुढे सरकवलं. "मिळालं म्हणून इथे सही करा."

एजंटानं मुकाट्यानं पेन काढलं. बायकोनं मात्र कागद ओढून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे यांचं नाहीच. कुणाच्या तरी गोदामाच्या छताचं आहे."

"अरेच्चा!" साहेबांनी जीभ चावली. "सॉरी हं वहिनी, माझं चुकलं."

बायकोनं नवऱ्याच्या हातातलं पेन घेऊन साहेबांपुढे धरलं.

"एवढं लिहून देता?"

हसत हसत साहेबांचा हात पेनाकडे गेला, आणि तिथेच थांबला.